जी.आर. मोठा की कायदा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ऊस आहे, सोयाबीन आहे, कर्ज आहे. ते नेहमीचेच आहेत आणि त्यावर दुपारनंतर बोलणे होईल. त्याआधी हा एक वेगळा विषय ठेवला आहे, मुंबई उच्च न्यायालयाचे अलीकडचे निकाल. मघाशी चहाच्या वेळी दोन-तीन जणांनी विचारलेच, "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि तुम्ही आम्हाला कोर्टाचे धडे कशाला देता?"

ही म्हण आपल्या बापजाद्यांनी बांधाच्या भांडणावरून शिकलेली आहे. दोन सख्ख्या भावांमध्ये हातभर बांध, आणि त्या हातभर बांधापायी दोघांची मिळून दोन एकर जमीन वकिलांच्या घरी गेलेली. त्या जागी म्हण खरीच आहे. पण आज बोलायचे आहे ते भावाशी असलेल्या भांडणाबद्दल नाही, सरकारशी असलेल्या भांडणाबद्दल. तिथे कोर्टाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, याचा हिशेब कुणी तरी मांडायला पाहिजे. वकील मंडळी मांडतात ती आपल्याला कळत नाही. म्हणून आम्ही, शेतीशास्त्र शिकलेल्या माणसांनी, हे निकाल वाचून काढले. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात माती, पाणी, कीड, रोग सगळे होते; शेतकऱ्याच्या मानेवर बसलेल्या कायद्यांचा मात्र एक धडा नव्हता. तो नंतर रस्त्यावर शिकलो.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. कायदा करते संसद किंवा विधिमंडळ. त्या कायद्याच्या पोटात नियम आणि आदेश निघतात. त्याच्याखाली शासननिर्णय, ज्याला आपण सगळे जी.आर. म्हणतो. त्याच्याखाली परिपत्रक. आणि सगळ्यांत खाली साहेबाचे तोंडी, "वरून तसे आदेश आहेत." आपण चारीच्या अगदी शेवटच्या टोकाचे खातेदार. धरणात किती पाणी सोडले ते आपल्याला कधी दिसतच नाही. आपल्या शेताच्या तोंडाशी जे येते तेच आपल्याला धरण वाटते. कायद्याचेही तसेच झाले आहे. तलाठ्याच्या, गटसचिवाच्या, शेतकी अधिकाऱ्याच्या तोंडून जे निघते तो आपला कायदा. मधल्या वाटेत कुणी पाणी तोडले, कुठे फोडले, हे बघायला आपण कालव्याच्या वर जातच नाही.

गेल्या चार-पाच वर्षांतले उच्च न्यायालयाचे आम्ही वाचलेले काही मोठे निकाल एका ओळीत ठेवले, तर विषय अगदी निरनिराळे दिसतात. ऊस, विमा, शाळा, बँक, वर्तमानपत्र. पण बहुतेकांत मुद्दा हाच आहे, मधल्या वाटेत पाणी कुणी तोडले?

चौदा दिवस

पहिला उसाचा घेऊ, कारण या सभागृहातले निम्मे लोक ऊसवाले आहेत.

१९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. केंद्र सरकारचा आहे. त्यात लिहिले आहे की ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने ठरलेला किमान दर चुकता केला पाहिजे. नाही केला तर उशिराच्या काळासाठी वर्षाला पंधरा टक्के व्याज. २००९ पासून या किमान दराला आपण एफआरपी म्हणतो. हे सगळ्यांना पाठ आहे.

२१ फेब्रुवारी २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने एक जी.आर. काढला. त्यात एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची सोय केली. पहिला हप्ता एका ठरवून दिलेल्या उताऱ्याप्रमाणे, म्हणजे पुणे आणि नाशिक महसूल विभागांत दहा टक्के, बाकी विभागांत साडेनऊ टक्के धरून. दुसरा हप्ता हंगाम संपल्यावर, त्या हंगामाचा खरा उतारा निघाल्यानंतर.

कागदावर हे निरुपद्रवी दिसते. आकडे घालून बघा. २०२४-२५ च्या हंगामाची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त, खाली आले तर तेवढेच कमी. साडेअकरा टक्के उताऱ्याचा कारखाना धरा. त्याची एफआरपी टनाला होते ३,८१५ रुपये. पण पहिला हप्ता दहा टक्क्यांनी काढला तर हातात येतात ३,३१७. फरक ४९८ रुपयांचा. तोडणी-वाहतूक वजा व्हायची ती या पहिल्यातूनच. दोन एकरांत ऐंशी टन ऊस गेला असेल, तर जवळजवळ चाळीस हजार रुपये चार-चार महिने कारखान्याकडे बिनव्याजी पडून. सोसायटीचे कर्ज मार्चअखेर भरायचे, नाही तर व्याजसवलत गेली. म्हणजे आपलेच चाळीस हजार कारखान्याकडे बिनव्याजी, आणि तेवढ्याच चाळीस हजारांसाठी आपण सावकाराच्या दारात. पंधरा टक्क्यांनी चार महिन्यांचे व्याज दोन हजार होते. एका खातेदाराचे दोन हजार. एका कारखान्याचे खातेदार किती, ते तुम्हीच मोजा.

इथे शेतीशास्त्राचा म्हणून एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. उतारा मागच्या हंगामाचा धरावा की चालू हंगामाचा, यात शास्त्र म्हणून चालू हंगामाचाच खरा. मागच्या वर्षी ८६०३२ होता, यंदा २६५ लावला, मागच्या वर्षी पाऊस वेळेवर, यंदा ऊस करपला, उतारा बदलणारच. त्यात आमचे दुमत नाही. पण तो उतारा मोजतो कोण? प्रयोगशाळा कारखान्याची, माणूस कारखान्याचा, आकडा कारखान्याचा. आणि बी-हेवी मळीपासून आणि थेट रसापासून इथेनॉल निघायला लागल्यापासून पोत्यात दिसते ती साखर म्हणजे उसातली सगळी साखर राहिलेली नाही. तेव्हा शास्त्राचे नाव पुढे करून पैसे लांबवायचे, हे शास्त्राला पटणारे नाही.

राजू शेट्टी आणि इतर उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने तो जी.आर. रद्द केला. केंद्राच्या आदेशात जे ठरले आहे त्यात फेरफार करायचा राज्याला अधिकारच नव्हता, असे त्याचे सार आहे. न्यायालयाने उसाला दर वाढवून दिला नाही, कारखान्यांना दंड ठोठावला नाही. मधल्या वाटेत कालव्याला पाडलेले भगदाड फक्त बुजवले.

पण तारखा बघा. जी.आर. फेब्रुवारी २०२२ चा, निकाल मार्च २०२५ चा. मध्ये २०२२-२३ गेला, २०२३-२४ गेला, २०२४-२५ चे गाळपही बहुतेक संपले. काही कारखान्यांनी आंदोलनाच्या धाकाने एकरकमी दिले. काहींनी जी.आर. पुढे केला. ज्यांचे पैसे लांबले, त्यांच्या व्याजाचे काय? या प्रश्नाकडे शेवटी परत येऊ.

बहात्तर तास

दुसरा निकाल विम्याचा, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याचा. २०२० चा खरीप. सोयाबीन काढणीला आले आणि ऑक्टोबरात पावसाने झोडपले. शेंगांना जागेवर कोंब फुटले. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना सांगायला नको. महसूल खात्याने पंचनामे केले, सरकारने मदतही वाटली. म्हणजे नुकसान झाले हे सरकार दरबारी सिद्ध. विमा कंपनीने मात्र हात वर केले. का? तर शेतकऱ्यांनी बहात्तर तासांच्या आत नुकसान झाल्याचे कंपनीला कळवले नाही.

करोनाचे वर्ष. शेतात गुडघाभर पाणी, गावात वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. त्यात म्हातारा शेतकरी ॲप उघडून फोटो टाकणार? पीक शेतात उभे होते, ते बुडाले हे तलाठ्याने, कृषी सहायकाने, ग्रामसेवकाने लिहून दिले. तरी ते बुडाले नाही, कारण शेतकऱ्याने फोन केला नाही!

उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये निकाल दिला. साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई द्या, असा कंपनीला आदेश. कंपनी तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली. ज्या शेतकऱ्याने वर्षभराच्या पेरणीचा पैसा त्या विम्यावर मोजून ठेवला होता, त्याचे २०२१ चे खरीप या वाटाघाटीतच निघून गेले होते.

या निकालाचे पुढे काय झाले ते नीट लक्षात घ्या, कारण यात कोर्टाची ताकदही आहे आणि मर्यादाही. न्यायालय सरकारला आणि कंपनीला कागदावर जे लिहिले आहे त्याला बांधू शकते. कागद बदलायचा अधिकार सरकारच्या हातात राहतोच. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा आला, ढोल वाजले. २०२५ च्या खरिपाआधी तो बंद झाला. खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला पाच टक्के हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या माथी. ते एक वेळ चालेल, विमा फुकट मिळावा अशी आमची मागणी कधीच नव्हती. पण त्याच फेरबदलात राज्याने स्थानिक आपत्तीची आणि काढणीनंतरच्या नुकसानीची जोखीमच योजनेतून काढली आणि भरपाई पीककापणी प्रयोगावर ठेवली. बहात्तर तासांच्या अटीवरून आपण कोर्टात जिंकलो, आणि २०२५ च्या खरिपात ती अटही गेली आणि जिच्यासाठी अट होती ती भरपाईही गेली. कोंबडी मेली, आता दाणा कुणाला घालायचा हा वाद मिटला.

आपले नसलेले, तरी आपले

आता चार निकाल भराभर सांगतो. ते शेतीचे नाहीत.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली की सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळेला गरिबांच्या मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागा ठेवण्याची गरज नाही. तालुक्याच्या गावात अशी शाळा सापडेल का, जिच्यापासून एक किलोमीटरवर जिल्हा परिषदेची शाळा नाही? म्हणजे पंचवीस टक्के गेलेच. १९ जुलै २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा संसदेचा. त्यातला हक्क राज्याच्या अधिसूचनेने काढून घेता येत नाही.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या नियमांत बदल करून स्वतःचा तपासणी विभाग काढायचे ठरवले. सरकारच्या कारभाराबद्दल मोबाईलवर, इंटरनेटवर कुणी काही लिहिले, तर ते खरे की खोटे हे सरकारच ठरवणार. आरोपीच न्यायाधीश. उद्या आम्ही लिहिले की तूर आयातीने आमचा भाव पाडला, तर वाणिज्य मंत्रालयाला ते 'दिशाभूल करणारे' वाटायला किती वेळ लागेल? जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत विभागले गेले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. इथेही एक कारण हेच, की नियम मूळ कायद्याच्या बाहेर गेला.

तिसरा निकाल ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. सरकारी बँकांच्या प्रमुखांना अधिकार दिला होता की मोठ्या थकबाकीदाराला परदेशी जाण्यापासून रोखण्यासाठी विमानतळावर सूचना लावायला सांगायची. २३ एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सांगितले की बँकांना असा अधिकार नाही. परदेशी जाणे हा मूलभूत हक्कात मोडणारा अधिकार. तो संसदेच्या कायद्यानेच रोखता येईल, सरकारच्या कार्यालयीन टिपणाने नाही. आता आपल्या थकबाकीदाराला विमानतळ कुठला, त्याला एस.टी. स्टँडसुद्धा दूर! त्याचा ट्रॅक्टर ओढून नेतात, त्याचे नाव चावडीवर लावतात. तरीही हा निकाल चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट तो जपून ठेवा. बँकेने उद्या कुठल्या परिपत्रकाचा आधार घेऊन तुमचे अनुदान कर्जखात्यात वळते केले, तर हाच प्रश्न विचारायचा. हे कुठल्या कायद्याखाली? परिपत्रक नको, कायदा दाखवा.

चौथा निकाल मात्र मायबहिणींनी नीट ऐकावा, कारण त्याबद्दल गावागावांत उलटसुलट पसरले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की वडील १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी वारले असतील आणि मागे विधवा असेल, तर मुलीला त्यांच्या मिळकतीत वारसाहक्क नाही. ज्या दिवशी माणूस वारला त्या दिवशीचा कायदा लागू. पुढचा कायदा मागे लावता येत नाही. प्रकरण १९५२ साली वारलेल्या गृहस्थाचे होते. पण काही भावांनी वर्तमानपत्राचा मथळा कापून खिशात ठेवला आणि बहिणीला दाखवला, "बघ, हायकोर्टच म्हणते, मुलीला हक्क नाही!"

तसे अजिबात नाही. वडील १९५६ च्या कायद्यानंतर वारले असतील तर त्यांच्या वाट्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना, आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने सगळ्याच मुलींना जन्मापासूनचा हक्क मिळाला. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला कचेरीत नेण्याआधी आजोबा कधी वारले, वडील कधी वारले, या दोन तारखा तिला कळल्या पाहिजेत. आणि हेही आठवा की १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली, तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली त्यांनी कुठल्या निकालाची वाट पाहिली नव्हती.

जिथे न्यायालयाचे दार बंद आहे

एवढे निकाल सांगितल्यावर कुणाला वाटेल की मग सगळेच कोर्टातून मिळवू. इथे थांबायला पाहिजे.

आतापर्यंतच्या बहुतेक निकालांत जी.आर., अधिसूचना, नियम, विम्याची अट अशा खालच्या कागदांवर न्यायालयाने हात चालवला, कारण वर एक चांगला कायदा किंवा हक्क उभा होता. पण वरचा कायदाच शेतकऱ्याच्या विरोधात असेल तर? १९५२ साली वारलेल्या बापाच्या मुलीचे झाले तेच आपले होते. न्यायालय म्हणते, कायदा असा आहे, आम्ही काय करू?

त्यातही शेतकऱ्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. १९५१ साली, म्हणजे घटना अमलात येऊन दीड वर्षही झाले नव्हते तेव्हा, पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट आले. त्यात घातलेल्या कायद्याने मूलभूत हक्कांचा भंग झाला तरी त्या कारणावरून तो रद्द करता येणार नाही, असे ठरले. सुरुवातीला तेरा कायदे होते, नंतर वाढत वाढत २८४ झाले. त्यांतले बहुतेक शेतजमिनीचे. महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा १९६४ मध्ये त्यात गेला. १९५५ चा आवश्यक वस्तू कायदा १९७६ मध्ये गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीवर तपासता येतील. तेवढी फट आहे. पण जे आधी आत गेले त्यांचे कुलूप तसेच आहे. बँकेचे थकबाकीदार मूलभूत हक्क घेऊन न्यायालयात जाऊ शकतात. जमीनधारणेची मर्यादा आमच्या व्यवसायस्वातंत्र्यावर घाला घालते, हे म्हणायला शेतकरी गेला तर दारावर पाटी आहे.

आता यातली एक अडचणीची गोष्टही बोलून टाकू, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उसाला चौदा दिवसांत पैसे द्या म्हणणारा १९६६ चा आदेश कुठल्या कायद्याखाली निघाला आहे? आवश्यक वस्तू कायद्याखालीच! ज्या कायद्याने कांद्याला, डाळीला साठ्याची मर्यादा घातली, ज्याच्या नावाने आपण इतकी वर्षे घोषणा दिल्या, त्याच्याच पोटातला हा आदेश आपल्याला चौदा दिवसांचे आणि पंधरा टक्क्यांचे संरक्षण देतो. काही कार्यकर्ते विचारतात, मग हा कायदा ठेवायचा की घालवायचा? आमचे म्हणणे असे, की माल घेतला तर ठरल्या दिवशी पैसे दे, नाही तर व्याज भर, हे सांगायला माणसाला शेतकऱ्याच्या मालावर राज्य करण्याचा अधिकार लागत नाही. साध्या कराराच्या कायद्यात ते बसले पाहिजे. पण ते बसेपर्यंत हातातला चौदा दिवसांचा कागद फेकून देण्याइतके श्रीमंत आपण नाही. यावर मतभेद असू शकतात. दुपारच्या सत्रात बोला.

आणखी एक प्रसंग. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली ट्रॅक्टर घेऊन शेतकरी नागपुरात आले आणि महामार्ग अडला. नागपूर खंडपीठाने २९ ऑक्टोबरला स्वतःहून दखल घेतली आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रस्ता मोकळा करा असा आदेश दिला. रस्त्यात अडकलेल्या रुग्णवाहिकेचा, प्रवाशांचा प्रश्न खरा आहे. तो आपणही आंदोलन ठरवताना मांडत आलो आहोत. पण घड्याळ बघा. रस्ता मोकळा करायला काही तास. उसाचा बेकायदा जी.आर. मोकळा करायला तीन वर्षे. सोयाबीनच्या कोंबांचा न्याय व्हायला दीड वर्षाच्या वर. न्यायालयावर आम्ही हेत्वारोप करत नाही, करायचा नाही. शेतकऱ्याचा अर्ज बोर्डावर यायला किती दिवस लागतात एवढेच सांगतो आहोत. आणि हेही सांगतो, की दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक होऊन कर्जमाफीच्या निर्णयाला ३० जून २०२६ ही तारीख सरकारला द्यावी लागली, ती कुठल्या रिट अर्जामुळे नव्हे.

काय करायचे

एक अडचण थोडी कमी झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे अर्ज तिथे चालतात. राज्यातला मोठा ऊसपट्टा त्यात आला. विदर्भाला नागपूर आहे, मराठवाड्याला आणि खानदेशाला औरंगाबाद खंडपीठ आहे. नाशिकवाल्यांना मात्र अजून मुंबईच. आदल्या रात्रीची गाडी, लॉजचे भाडे, आणि सकाळी तारीख पुढे गेली म्हणून परत. कोल्हापूर-सांगलीवाल्यांचा तेवढा तरी फेरा वाचेल.

पण न्यायालय जवळ आले तरी कागद लागतोच. एकट्या शेतकऱ्याने जाऊ नये हे आम्ही पुन्हा सांगतो; एकाच जी.आर.ने शंभर जण नाडले गेले असतील तर शंभरांचा मिळून एक अर्ज. आणि अर्जाला जोडायला पुरावा. धाराशिवच्या शेतकऱ्यांच्या मदतीला आले ते सरकारने केलेले पंचनामे. तेव्हा पंचनाम्याची नक्कल मागून घ्या. अर्ज करा, अर्जाची पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगणाऱ्या साहेबाला नम्रपणे म्हणा, "साहेब, जी.आर.चा क्रमांक आणि तारीख सांगा." निम्मे साहेब तिथेच खुर्ची सावरून बसतात. उरलेल्या निम्म्यांनी क्रमांक दिला, तर तो जी.आर. काढून बघा, तो कुठल्या कायद्याखाली काढला ते त्यात लिहिले आहे का ते तपासा. लिहिलेले नसेल तर तीच पहिली शंका.

आता उसाच्या व्याजाकडे. २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ या तीन हंगामांत ज्यांना दोन हप्त्यांत पैसे मिळाले, त्यांनी पुढच्या तालुका बैठकीला तीन कागद आणायचे आहेत. काट्याची पावती, कारखान्याचे बिल, आणि बँकेच्या पासबुकाचे ज्या पानावर दोन्ही हप्ते जमा झाले आहेत ते पान. ऊस घातल्याची तारीख, चौदावा दिवस, आणि पैसे प्रत्यक्ष जमा झाल्याची तारीख असे तीन रकाने आखून ठेवले आहेत. पंधरा टक्क्यांनी व्याज आम्ही काढून देऊ. गावाची यादी झाली की कारखानानिहाय एकत्र अर्ज साखर आयुक्तांकडे जाईल, आणि तिथे उत्तर मिळाले नाही तर तोच गठ्ठा वकिलाच्या हातात. ज्यांच्या पावत्या हरवल्या आहेत त्यांनी घाबरू नये, कारखान्याच्या शेतकी गटकार्यालयात खातेउतारा मागावा; देत नाहीत म्हटले तर नकार लेखी मागावा.

कोऱ्या तक्त्यांचे गठ्ठे बाहेर टेबलावर ठेवले आहेत. प्रत्येक गावाने जाताना एक घेऊन जावा.